रश्शाचं वय

‘पदार्थ सर्वसाधारण तापमानाला येऊ द्यावा’ हे वाक्य ज्या कोणी पाकशास्त्राच्या पुस्तकात पहिल्यांदा लिहिलं, तो गृहस्थ मे महिन्यात जळगावला येऊन गेलेला नसावा. पुण्यात तापमान सर्वसाधारण असू शकतं. (पुण्यात तेवढी एकच गोष्ट सर्वसाधारण असते, असं पुणेकरच सांगतात.) आमच्याकडे मेमध्ये पारा ४४-४५ च्या घरात बिऱ्हाड करतो आणि पाऊस येईपर्यंत जागा सोडत नाही. उकळता रस्सा ओट्यावर उतरवून ठेवला, की रस्सा खाली यायला लागतो, दुपार वर चढायला लागते आणि दोघांची चाळिशीत कुठेतरी गाठ पडते. चाळिशीत स्थिरावलेली माणसं जशी पुढे हलायला तयार नसतात, तसा मग तो रस्साही हलत नाही. रात्री अकरा वाजता पातेल्याला बाहेरून हात लावून पाहावा, तर ते झोपलेल्या मांजरीच्या पोटासारखं ऊबदार लागतं.

रस्सा म्हणजे कोणता, हे खानदेशाबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. कांदा आणि सुकं खोबरं विस्तवावर काळं पडेपर्यंत भाजायचं, लसूण-कोथिंबिरीबरोबर वाटायचं, काळा मसाला घालून तेलात असं परतायचं की समोरच्या घरातली माणसं खोकत खोकत ‘आज काय बेत?’ असं विचारायला यावीत. मग पाणी, मग उकळी, मग वर तेलाचा लाल तवंग. त्यात शेव टाकली की शेवभाजी, बेसनाच्या वड्या सोडल्या की पाटवड्यांचा रस्सा, आणि मटण टाकलं की रविवार. साहेब लोक ज्याला सूप म्हणतात, ते आमच्या रश्शाचं आजारपणातलं रूप आहे.

आता, भाजणं-वाटणं चौघांसाठी करा नाहीतर चोवीस जणांसाठी, घरातला धूर तेवढाच आणि शेजाऱ्यांचा खोकलाही तेवढाच. हा हिशेब आमच्या सौभाग्यवतींच्या ध्यानात आला आणि त्यांनी ठराव मांडला, की महिन्यातून एकदा मोठं पातेलं चढवायचं आणि डबे भरून बर्फाच्या कप्प्यात गोठवायचे. त्यातले सहा डबे धुळ्याला आत्याकडे पोचवायचे. आत्याची ऐंशी उलटली आहे, ती एकटी राहते, आणि रोज संध्याकाळी मुगाची खिचडी खाते, कारण तिच्या हातांनी आता खोबरं किसवत नाही. ठराव बहुमताने संमत झाला. आमच्याकडे बहुमत म्हणजे एक मत. ते कोणाचं, हे विवाहित वाचकांना सांगायला नको.

मी विरोध केला नाही, पण एक शंका मात्र माझ्या मनात तेव्हापासून ठाण मांडून बसली. वरवर पाहता ती स्वयंपाकातली शंका आहे. नीट पाहिलं तर नीतिशास्त्रातली. तीन आठवड्यांपूर्वी शिजवलेला रस्सा गरम करून माणसाच्या ताटात वाढायचा आणि तो ‘ताजा आहे का?’ असं विचारू लागला, तर त्याला काय सांगायचं? ‘हो’ म्हणावं तर कॅलेंडर खोटं ठरतं. ‘नाही’ म्हणावं तर रस्सा खोटा ठरतो, कारण चवीला तो कालपरवाचाही वाटत नाही, आत्ताचा वाटतो. मग शिळं म्हणजे नक्की काय? वय वाढलेलं? तसं असेल तर आमच्या घरात लोणच्याइतकं शिळं काहीच नाही. आखाजीच्या आधी घातलेले बिबडे, कुरडया, पापड वर्षभर डब्यात असतात आणि वर्ष उलटलं तरी त्यांना शिळं म्हणायची कोणाची छाती होत नाही. पण सकाळची पोळी संध्याकाळी शिळी होते. म्हणजे शिळेपणाचं घड्याळ प्रत्येकाचं वेगळं चालतं. पोळीचं पळतं, पापडाचं बंद पडलेलं असतं.

पापडाचं घड्याळ बंद का पडतं, याचं उत्तर सोपं आहे. त्यातलं पाणी आमच्या उन्हाने पळवलेलं असतं, आणि पाणी नसेल तर जंतूंनाही प्यायला काही मिळत नाही. गोठवण्यात तेच वेगळ्या रीतीने होतं. पाणी डब्यातच असतं, पण त्याचा दगड झालेला असतो. उणे अठरा अंशांना जंतू मरत नाहीत बरं का. पुष्कळांचा तो गैरसमज आहे. ते नुसते झोपतात, आणि उठल्यावर सरकारी कर्मचाऱ्यांप्रमाणे जिथे सोडलं होतं तिथून काम पुढे चालू करतात. म्हणजे रस्सा गोठवताना ज्या अवस्थेत असेल, त्याच अवस्थेत तो परत मिळतो. बर्फाच्या कप्प्यात बिघडलेला रस्सा सुधारत नाही. तुरुंगातही नाही सुधारत कोणी, हे आता सगळेच मानतात.

तेव्हा खरी परीक्षा गोठवण्याआधीच असते. चुलीवरून उतरल्यापासून बर्फाच्या कप्प्यात शिरेपर्यंतच्या काळात. ह्या काळाबद्दल अन्नसुरक्षेचे जाणकार फार कडक आहेत. ते म्हणतात, साठ अंशांवरून एकवीसवर दोन तासांत आणा, आणि पुढच्या चार तासांत पाचवर. साठ आणि पाच यांच्यामधला पट्टा धोक्याचा. कारण उकळीने जंतू मरतात, पण काही जातींची बीजं मरत नाहीत. त्यातल्या एकाचं नाव क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स. नाव एखाद्या रोमन सरदाराचं वाटतं आणि वागणूकही तशीच आहे. दाट रश्शाचं मोठं पातेलं सावकाश निवत असलं की हा आत जागा होतो आणि दहाएक मिनिटांत दुप्पट होतो. त्याला सर्वांत मानवणारं तापमान ४३ ते ४७ अंश. हा आकडा वाचला आणि मला एकदम भुसावळ स्टेशन आठवलं. जगाच्या पाठीवर असा जिवाणू निर्माण करताना परमेश्वराच्या डोळ्यांसमोर खानदेशचा मे महिनाच असला पाहिजे. अमेरिकन लोक शिजलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये म्हणतात, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. हा एक तासाचा नियम आमच्याकडे फाल्गुनापासूनच लागू होतो.

ह्या कामासाठी भाच्याने एक थर्मामीटर पाठवला. सुईसारखा असतो, पदार्थात खुपसायचा. पहिल्या रविवारी मी पातेल्याशेजारी स्टुलावर बसून दर दहा मिनिटांनी रश्शाचा ताप घेत होतो आणि वहीत टिपत होतो. शेजारच्या आजोबांनी खिडकीतून विचारलं, ‘कोण आजारी आहे?’ मी म्हटलं, ‘आजारी पडू नये म्हणून चाललंय.’ त्यांनी मान डोलावली. ते त्या दिवसापासून आमच्या सौ.शी फार सहानुभूतीने बोलतात.

रस्सा लवकर निववायचा तर पातेलं फोडावं लागतं. म्हणजे रस्सा वाटून घ्यावा लागतो. दहा लिटरचं भरलेलं पातेलं तसंच फ्रीजमध्ये ठेवलं, तर त्याच्या पोटातली ऊब रात्र काढते आणि वर शेजारच्या दुधालाही बिघडवते. म्हणून तो परातींत, पसरट कोपरांत ओतायचा. दोन इंचांहून जास्त उंची नको. खाली थंड पाण्याचं टब. इथे आमच्या गावाची खरी अडचण येते. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी मेमध्ये नळाला येतं ते चहा टाकण्याच्या बेताचं तापून येतं. त्यात रश्शाची परात ठेवणं म्हणजे गरम माणसाला गरम माणसाच्या मांडीवर बसवणं. म्हणून माठाचं पाणी घ्यायचं आणि त्यात बर्फ. आमची हवा कोरडी असल्यामुळे माठ मात्र इमाने काम करतो. ते सुख मुंबईकरांना नाही. मग पाण्याची बाटली आधीच गोठवून, बाहेरून स्वच्छ धुऊन, पळीसारखी रश्शात फिरवायची. हे फिरवण्याचं काम माझ्याकडे आहे. अर्धा तास फिरवलं की मनगट आणि रस्सा दोन्ही गार पडतात. डबे भरताना वर बोटभर जागा सोडायची, कारण पाण्याचं बर्फ झालं की ते दहा-अकरा भागांतला एक भाग जास्त जागा मागतं. आणि शेव कधीही गोठवायची नाही. शेव ही ऐनवेळी टाकायची वस्तू आहे. गोठवलेली शेव परत वितळली की तिचा लगदा होतो.

गोठवण्याचा आणि तत्त्वज्ञानाचा संबंध मी ओढूनताणून लावतोय असं कोणी म्हणू नये म्हणून सांगतो. फ्रान्सिस बेकन हा इंग्रज तत्त्वज्ञ १६२६ साली वारला. ऑब्रे नावाच्या चरित्रकाराने लिहून ठेवलं आहे, की बर्फाने मांस टिकतं का हे पाहण्यासाठी बेकनने लंडनजवळ घोडागाडी थांबवली, एक कोंबडी विकत घेतली, तिच्या पोटात बर्फ भरलं आणि त्या गारठ्याने तोच अंथरुणाला खिळला. कथा खरी असेल-नसेल. पण एवढ्या मोठ्या माणसाला मरताना हा प्रश्न महत्त्वाचा वाटला असं निदान लोकांना वाटलं, हे मला पुरेसं आहे. कोंबडीचं पुढे काय झालं, ते ऑब्रेने लिहिलेलं नाही. चरित्रकारांचं हे नेहमीचंच आहे, मुख्य गोष्ट राहून जाते.

आता मूळ शंकेकडे येतो. शिळं म्हणजे काय?

आमच्या लहानपणी घरात फ्रीज नव्हता. उन्हाळ्यात रात्रीचा रस्सा सकाळपर्यंत टिकत नसे. पहाटे पातेल्याचं झाकण उघडलं की त्यावर बुडबुडे आलेले असत आणि आंबूस वास येई. त्यामुळे जास्त झालेलं रात्रीच वाटून टाकावं लागे. शेजारी वाटी जाई, गल्लीच्या टोकाला वाटी जाई, आणि त्या वाट्या भरून परत येत. ह्यात आमच्या मनाचा मोठेपणा किती आणि हवामानाचा किती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. खानदेशचं औदार्य प्रसिद्ध आहे. पण ४५ अंशांत माणसाने साठवायचं म्हटलं तरी काय साठवणार? पुढे एकेका घरात फ्रीज आला. सुरुवातीला तो दिवाणखान्यात ठेवत असत, वर क्रोशाचं विणकाम आणि त्यावर फुलदाणी. आणि हळूहळू गल्लीतल्या वाट्यांची ये-जा थांबली. कोणी भांडलं नाही, कोणी काही बोललं नाही. फक्त उरलेलं उद्यापर्यंत टिकू लागलं, आणि जे टिकतं ते कोण देतो?

हे मी एकदा मोठ्या हळहळीने आत्याला ऐकवलं. जुने दिवस, वाट्या, शेजारधर्म वगैरे. आत्या शांतपणे लसूण सोलत होती. ती म्हणाली, ‘वाट्या जायच्या त्या ताज्या रश्शाच्या. सकाळचं शिळं कुठे जायचं ते नाही सांगितलंस.’

मी म्हटलं, ‘शिळं राहायचंच नाही घरात.’

‘राहायचं,’ आत्या म्हणाली. ‘मी खायची.’

तिच्या सासरी अकरा माणसं. सकाळी पुरुष, मग मुलं, मग सासू. ह्या सगळ्यांना ताजी भाकरी आणि ताजा रस्सा. शेवटी बसायची ती; आणि कालची भाकरी, कालचं कालवण, पातेल्याच्या बुडाला लागलेलं, हे आधी संपवायचं, मगच ताजं घ्यायचं असा नियम. आधीचं संपेपर्यंत पोट भरायचं, त्यामुळे ताज्याची पाळी फारशी येत नसे. हा नियम कोणी लिहिलेला नव्हता आणि कोणी क्रूरही नव्हतं. आतोबा तर भला माणूस. ते पाहुण्यांना अभिमानाने सांगत, की आमच्या घरात शिळं चालत नाही. हे ते सांगायचे तेव्हा आत्या आत स्वयंपाकघरात उभ्या उभ्या शिळं संपवत असायची. म्हणजे ते खोटं बोलत नव्हते. शिळं खरोखरच चालत नव्हतं. ते एका ठिकाणी येऊन थांबत होतं.

अशी घरं महाराष्ट्रात किती असतील याचा हिशेब मी मांडत बसलो नाही. वाचकांनी आपापल्या आईला विचारावं. विचारताना तिचा चेहरा पाहावा. ती उत्तर हसण्यावारी नेईल.

आतोबा गेल्यावर चौदाव्या दिवशी आत्याने सगळ्यांसमोर जाहीर केलं, ‘आते शिळं बंद.’ लोकांना वाटलं हे काही व्रत असेल. ते व्रत नव्हतं, चैन होती. आयुष्यातली तिची पहिली. तेव्हापासून ती रोज एका माणसापुरतं शिजवते, ताजं खाते, आणि दोन घास जास्त झाले तर पक्ष्यांना घालते. पोरगा नाशिकला बोलावतो, ती जात नाही. तिथे फ्रीज फार मोठा आहे म्हणते.

तर अशा बाईला तीन आठवड्यांपूर्वीचा रस्सा न्यायचा होता. माझ्या शंकेला आता केवढं वजन आलं होतं, हे लक्षात आलं असेल. तिच्याशी खोटं बोलून खाऊ घालणं म्हणजे तिची एकमेव चैन चोरणं. आणि खरं बोलावं, तर बाई मुगाच्या खिचडीवर दिवस काढणार.

आधार शोधायला मी गीतेकडे गेलो. गीतेच्या सतराव्या अध्यायात आहाराचे तीन प्रकार सांगितले आहेत, आणि प्रहर उलटून गेलेलं अन्न तामसी वृत्तीच्या पदरात टाकलं आहे. प्रहर म्हणजे तीन तास. अमेरिकन दोन तास म्हणतात, गीता तीन. तपशिलाचा मतभेद आहे, तत्त्वाचा नाही. पण गीतेकडे वळलो की धुळ्याला वळसा घालता येत नाही. १९३२ साली विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी एक अध्याय, अशी त्यांनी कैद्यांसमोर गीतेवर प्रवचनं दिली. हा आहाराचा सतरावा अध्याय म्हणजे शेवटून दुसरा रविवार, जूनचा. धुळ्याचा जून, दगडी भिंती आणि तुरुंगातलं जेवण; त्यात सात्त्विक आहारावर बोलायचं, ह्याला विनोबाच हवेत. समोर बसून साने गुरुजी ते सगळं उतरवून घेत होते. साने गुरुजी आमच्या जिल्ह्यात अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते, त्यामुळे भरभर बोलणाऱ्या माणसाचं लिहून घेण्याचा सराव त्यांना नसेल, पण भरभर बोलणाऱ्या पोरांचा होता. त्यांनी ते शब्द गरम असतानाच काढून ठेवले, म्हणून ती प्रवचनं आज नव्वदाहून अधिक वर्षांनी वाचायला मिळतात आणि वाचताना कोणी ‘शिळं’ म्हणून नाक मुरडत नाही. तेच पुढे दहा वर्षांनी कोणीतरी आठवून आठवून लिहिलं असतं तर वास आला असता.

एवढा आधार घेऊन मी एस. टी. धरली. सहा डबे एकमेकांना चिकटवून, वर्तमानपत्रात गुंडाळून, वर जुनी गोधडी. जळगाव ते धुळे नव्वदएक किलोमीटर. एरंडोल, पारोळा करत गाडी जाते. गोठलेली वस्तू सहज वितळत नाही. बर्फाचं नुसतं पाणी व्हायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात तेच पाणी शून्यावरून ऐंशी अंशांवर जाईल. एका पेन्शनरला पारोळ्यापर्यंत मी हे समजावून सांगितलं. ते पारोळ्याला उतरले. त्यांना धुळ्याला जायचं होतं असं मला वाटत होतं.

धुळ्याच्या जुन्या पेठेतल्या गल्ल्यांना नावांऐवजी नंबर आहेत. कॅप्टन ब्रिग्जने १८१९ च्या सुमारास ते गाव आखून वसवलं, त्या साहेबी शिस्तीची ती खूण. आत्या त्यातल्याच एका नंबरात राहते. आमच्या सौ.नेही डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवून नंबर आणि तारीख लिहिली होती, त्यामुळे डबे तिथे शोभून दिसले.

आत्याने पहिला डबा उचलून खालून वरून पाहिला.

‘हाई काय शे?’

‘रस्सा. गोठवलेला. तुझ्यासाठी.’

‘कधीचा?’

मी तारीख सांगितली. धुळ्याला येईपर्यंत मनाशी तीन वेगवेगळी उत्तरं तयार केली होती, पण तारीख चिठ्ठीवरच होती आणि आत्याला वाचता येतं.

‘तीन आठवडे. म्हणजे शिळा,’ आत्या म्हणाली आणि डबा खाली ठेवला.

मग मी बोललो. उणे अठरा, झोपलेले जंतू, दोन तास आणि चार तास, परात, माठ, रोमन सरदार. विमा एजंटाचं ऐकावं तसं आत्याने ऐकून घेतलं. मी थांबल्यावर तिने एकच विचारलं. ‘जंतूंचं राहू दे. हे डबे तुम्ही जेवायच्या आधी भरले का नंतर?’

मी म्हटलं, ‘आधी. नंतर भरून चालत नाही. पातेलं उतरवलं की लगेच वाटून घ्यावं लागतं, नाहीतर ते वेळेत निवत नाही. तुझे सहा पहिले भरले. आम्ही दोन तासांनी जेवलो. मला तर रस्सा पुरलाही नाही, दहीभातावर भागवलं.’

‘तुला पुरला नाही?’

‘नाही.’

‘आणि हे आधीच काढलेलं?’

‘हो.’

आत्या जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘मग हे उरलेलं नाही.’ डबा उचलून ती आत गेली.

आपल्या भाषेत ‘शिळं’ हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो, हे मला त्या ओट्याजवळ उभं राहून कळलं. एक शिळं वेळेचं. त्याचा न्याय थर्मामीटरने करावा. दुसरं शिळं पाळीचं. सगळ्यांचं झाल्यावर जे उरतं ते. आत्या चाळीस वर्षं जे खात होती ते दुसरं होतं. त्यातलं पुष्कळसं वासाने, चवीने बरंही असेल. तिला त्याच्या वयाचा राग नव्हता. नैवेद्याचं ताट आपण आधी वाढून बाजूला ठेवतो, आरती लांबली तर ते गार होतं, वरणावर साय धरते, पण ते शिळं आहे असं म्हणायचं कोणाच्या मनातही येत नाही. शेजारच्या गुजरातेत शीतळा सातमला चूल पेटवत नाहीत. आदल्या दिवशी, रांधण छठीला, केलेलं सगळं घर खातं. सगळं घर खातं, हे महत्त्वाचं. एकटीने खायचं नसतं.

मात्र आत्याचा हा निकष एकटा धरून चालू नये, हेही लगेच सांगतो, नाहीतर कोणीतरी भावनेच्या भरात प्राण गमावेल. अगदी पहिल्या पळीने, अत्यंत प्रेमाने, देवाचं नाव घेऊन काढून ठेवलेला रस्सा मेमध्ये पाच तास ओट्यावर राहिला, तर तो पाळीने ताजा आणि पोटाला घातक होतो. जंतूंना नाती कळत नाहीत. आणि उलटही खरं आहे. दोन तास-चार तासांचा नियम तंतोतंत पाळून, उणे अठराला ठेवलेलं, पण सगळ्यांनी खाऊन नको म्हटलेलं, ते कोणाला नेऊन दिलं तर थर्मामीटर काही बोलणार नाही. घेणाऱ्याला मात्र ते कळतं. मला ह्यात गंमत वाटते ती ही, की नियम नीट पाळायचा तर दुसऱ्याचा वाटा आधी काढावाच लागतो. विज्ञानाला हे अभिप्रेत नसावं. त्याला फक्त पातेलं हलकं करायचं होतं.

आत्या आत रस्सा गरम करत होती तेव्हा मी दारातून सांगितलं, ‘नुसता कोमट नको करूस, चांगली खळखळून उकळी येऊ दे. आणि एकदा वितळलेला परत गोठवायचा नाही.’ ‘शिळ्या कढीला ऊत’ म्हणून आपण लोकांची चेष्टा करतो, पण शास्त्र तंतोतंत तेच करायला सांगतं. शिळ्या कढीला ऊत आणलाच पाहिजे. आत्या म्हणाली, ‘साठ वर्षं चुलीपुढे बसले, मला उकळी शिकवतोस?’ घरभर वास सुटला. शेजारच्या नंबरातून कोणीतरी खोकलं. मग तिने भाकरी टाकली आणि दोन ताटं वाढली, एकाच वेळी, तिचं आणि माझं. मीठ कमी आहे म्हणाली.

निघताना तिने सहाही डबे परत दिले. रस्सा तिने तिच्या बर्फाच्या कप्प्यात तिच्याच भांड्यांत उलटून ठेवला होता, गोठलेल्या विटा जशाच्या तशा. खानदेशात डबा रिकामा परत करत नाहीत. सहांत बिबडे भरलेले होते. मी सहज विचारलं, ‘कधीचे?’

‘गेल्या आखाजीचे,’ आत्या म्हणाली. ‘का? तारीख लिहून देऊ?’

भारनियमनाच्या दिवसांत हा उद्योग जमला नसता हे खरं. २००५ नंतरची ती वर्षं आठवतात; दिवसातले कित्येक तास वीज नसे आणि फ्रीज म्हणजे कपाट होतं. त्या काळात एक युक्ती कानावर आली होती, ती आत्याकडे चालू करून दिली. वाटीभर पाणी गोठवायचं आणि बर्फावर एक रुपयाचं नाणं ठेवायचं. नाणं वर आहे तोवर ठीक. गावाला जाऊन आल्यावर नाणं वाटीच्या बुडाशी दिसलं, तर मागे कधीतरी सगळं वितळून पुन्हा गोठलं आहे, डबे टाकून द्यायचे. दार न उघडता ठेवलं, तर गच्च भरलेला कप्पा दोन दिवस तग धरतो, अर्धा भरलेला एक दिवस. आत्या आठवड्यातून एकदा रुपया वर असल्याचं फोनवर कळवते. रश्शाचं सांगत नाही.

धुळ्याचा निकाल मी घरी येऊन सौ.ला सांगितला. तिने ऐकून घेतलं, काही बोलली नाही, आणि पुढच्या रविवारी परातींतून डबे भरताना आत्याच्या सहांच्या शेजारी सातवा डबा ठेवला. आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या ताई आहेत. त्यांना इतकी वर्षं सोमवारी सकाळी, जे असेल ते, पिशवीत घालून दिलं जात असे. सातव्या डब्यावर त्यांचं नाव होतं. ताईंनी तो हातात घेतला, झाकण उघडलं, बोटाने बर्फ दाबून पाहिलं आणि विचारलं, ‘वहिनी, ह्यात शेव नाही?’

सौ. म्हणाली, ‘गोठवली की तिचा लगदा होतो.’

‘मग ती वेगळी द्या,’ ताई म्हणाल्या. ‘पावशेर पुरे.’